समुद्री काच आणि खड्यांचे दागिने: हात बसवण्यापासून हिशेबापर्यंत



किनाऱ्यालगतच्या गावांतल्या तीन-चार गटांनी या वर्षी एकच मागणी लावून धरली आहे: समुद्री काचेचे दागिने शिकवा. कारणही उघड आहे. मालवण, तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ला या बाजूला पर्यटक येतात, चार दिवस राहतात आणि जाताना काहीतरी घेऊन जातात. कोकम आणि काजू तर सगळेच विकतात. मग आपल्याच वेळेवर सापडणारी, लाटांनी घासून गुळगुळीत झालेली काच का नको?

प्रश्न बरोबर आहे. पण एका गटात आजीबाईंनी विचारलेला प्रश्नही तितकाच बरोबर होता: "काच ती काच, तिका पैशे कोण देतलो?" हा लेख दोन्ही प्रश्नांसाठी आहे. आधी काम कसं करायचं ते सांगते, मग पैशाचं. पैशाचा भाग शेवटी आहे म्हणून सोडून देऊ नका. खरं तर सगळ्यात जास्त तोच वाचा, कारण आपल्या एका गटापुढे सध्या दोनशे जोड कानातल्यांची ऑर्डर आहे आणि निर्णय अजून व्हायचा आहे.

ही काच येते कुठून?

कुणीतरी फेकलेली बाटली फुटते. तुकडे समुद्रात जातात. वाळू, दगड आणि लाटा वर्षानुवर्षं त्यांना घासत राहतात. धार जाते, कडा गोल होतात. त्याच वेळी खारं पाणी काचेतला सोडा आणि चुना हळूहळू ओढून घेतं, त्यामुळे वरचा भाग धुरकट, दही लावल्यासारखा होतो. चांगली समुद्री काच तयार व्हायला वीस, तीस, चाळीस वर्षंही लागतात. म्हणजे तुमच्या हातातला हिरवा तुकडा कदाचित तुमच्या लग्नाआधीच्या सोड्याच्या बाटलीचा असेल.

जगात काही किनारे याच काचेसाठी प्रसिद्ध आहेत. इंग्लंडमध्ये सीहॅम नावाचं गाव आहे. तिथे बाटल्यांचा मोठा कारखाना होता, तो उरलेली काच समुद्रात टाकायचा. कारखाना १९२१ साली बंद पडला, पण लोक आजही तिथे रंगीत काच वेचायला येतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फोर्ट ब्रॅग गावाचा कचरा १९६७ पर्यंत किनाऱ्यावरच टाकला जायचा. आज त्या किनाऱ्याचं नावच ‘ग्लास बीच’ पडलं आहे. दोन्हीकडे ज्याला लोक आता सुंदर म्हणतात तो मुळात कचराच. आपल्याकडे मात्र असा ढीग नाही. काच थोडी-थोडी सापडते, आणि हे पुढे हिशेबात फार महत्त्वाचं ठरणार आहे.

रंगांचं म्हणाल तर पांढरा, तपकिरी आणि हिरवा जास्त मिळतो. निळा कमी, तो बहुतेक जुन्या औषधांच्या बाटल्यांचा. लाल आणि केशरी फारच दुर्मीळ. सापडला तर जपून ठेवा, शंभर रुपयांच्या कानातल्यांत घालू नका.

वेचताना

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा ओहोटीला पाणी लांब जातं. तेव्हा जा, दिवसाउजेडी जा आणि दोघी-तिघी मिळून जा. पायात चप्पल आणि हातात रबरी मोजे हवेतच. आता किनाऱ्यावर सुया आणि इंजेक्शनच्या छोट्या बाटल्याही येतात. औषधाची आख्खी कुपी, नळी, सुई दिसली तर हात लावायचा नाही. मुलांना ‘काच वेचून आण’ म्हणून एकटं पाठवायचं नाही, हे तर सांगायलाच नको, तरी सांगते.

धार असलेला तुकडा अजून तयार झालेला नाही. तो दागिन्याला नको, पण वाळूतही परत टाकू नका, कुणाच्या तरी पायात जाईल. वेगळ्या डब्यात जमा करा आणि भंगारवाल्याला द्या.

आणखी दोन गोष्टी. एक, भरतीच्या रेषेच्या वर कोरडी वाळू उकरू नका. थंडीच्या दिवसांत आपल्या कोकण किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. दुसरी, काचेबरोबर प्रवाळाचे तुकडे किंवा समुद्रपंखा मिळाला तर तो मण्यासारखा ओवायचा मोह होतो. प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. विकणं सोडा, पिशवीतही घ्यायचे नाहीत.

घरी आणलेली काच धुण्याची पावडर घातलेल्या पाण्यात रात्रभर भिजवा, जुन्या टूथब्रशने घासा, सावलीत वाळवा. काही जणी चमक यावी म्हणून खोबरेल तेल चोळतात. तसं करू नका. धुरकटपणा हीच तिची ओळख आहे, आणि तेलाचा डाग गिऱ्हाइकाच्या कपड्याला लागतो.

खडे कोणते घ्यायचे?

नुसती काच फिकी दिसते. तिच्या जोडीला दोन-चार मणी आले की दागिना उठून दिसतो. आपल्याला हवे आहेत ते अर्धमौल्यवान खडे: अकीक, स्फटिक, गुलाबी स्फटिक, जांभळा ॲमेथिस्ट, लाजवर्द, फिरोजा. यांतल्या अकीकाची गोष्ट आपल्या जवळची आहे. गुजरातमधल्या खंबातला हजारो वर्षांपासून अकीकाचे मणी घडवतात. कच्चा दगड भरूच जिल्ह्यातल्या रतनपूर भागातून येतो आणि भट्टीत तापवला की त्याला तो लालसर रंग चढतो. आपल्या महाराष्ट्राच्या काळ्या कातळातही अकीक आणि स्फटिक सापडतात. शेतात मिळणारी गारगोटी ही त्यांचीच भावंडं.

खडे माळेने मिळतात. एक माळ साधारण १६ इंचांची असते. ८ मिलिमीटरचे मणी असतील तर एका माळेत पन्नासेक, ६ मिलिमीटरचे असतील तर सदुसष्ट-अडुसष्ट. विकत घेताना मोजा. मध्येच दोरा जास्त आणि मणी कमी, असा प्रकार चालतो.

खरं-खोटं ओळखायच्या दोन सोप्या चाचण्या. कापसावर नेलपॉलिश काढायचं द्रव घ्या आणि एका मण्याच्या भोकाजवळ घासा. कापूस रंगला तर मणी रंगवलेला आहे. फिरोजा म्हणून विकला जाणारा बराच माल म्हणजे हाउलाइट नावाचा पांढरा दगड निळा रंगवून केलेला असतो. दुसरी: भिंगातून बघा. आत गोल बुडबुडे दिसले तर ती काच आहे. रंगवलेला दगड किंवा काचमणी वापरणं हा गुन्हा नाही. तो खरा खडा म्हणून विकणं ही फसवणूक आहे. तसंच ‘जर्मन सिल्व्हर’मध्ये चांदी अजिबात नसते, ते तांबं, जस्त आणि निकेल यांचं मिश्रण असतं. निकेलने काही जणींच्या कानाला खाज येते, पाणी सुटतं. त्यामुळे कानात घालायचा आकडा तरी स्टीलचा किंवा चांदीचा ठेवा आणि कार्डावर तसं लिहा.

आणि हो, ‘हा खडा घातला की शनी शांत होतो’ असं सांगून कुणीही विकायचं नाही. आपण दागिना विकतो.

भोक पाडायचं की तार गुंडाळायची?

नवीन शिकणाऱ्या प्रत्येक गटात पहिला प्रश्न असतो की ड्रिल मशीन कधी आणायची. माझं स्पष्ट मत आहे: पहिलं वर्ष आणू नका. तारेने बांधलेला तुकडा भोक पाडलेल्या तुकड्याइतकाच छान दिसतो, तुकडा फुटून वाया जात नाही आणि कर्जही काढावं लागत नाही.

पुढेमागे ड्रिल वापरायची वेळ आलीच तर हे लक्षात ठेवा. टोक हिऱ्याची भुकटी बसवलेलं हवं, साधं लोखंडी नाही. काच पाण्यात बुडालेली हवी, नाहीतर तापून तडकते. पाण्याजवळ काम आहे म्हणून मशीन बॅटरीवर चालणारी हवी, घरातल्या प्लगवर जोडलेली नाही. निम्मं भोक एका बाजूने, निम्मं दुसऱ्या बाजूने. डोळ्यांना चष्मा, तोंडाला एन-९५ मास्क. कोरडी काच किंवा कोरडा दगड कधीही घासायचा नाही. वर खंबातचं कौतुक केलं, आता दुसरी बाजूही सांगते. तिथे अकीक घासणाऱ्या कामगारांना त्या धुळीमुळे सिलिकोसिस होतो. हा फुफ्फुसाचा आजार बरा होत नाही. धूळ कारखान्यात बसत नाही, घरात काम असेल तर शेजारी झोपलेल्या मुलाच्या छातीतही जाते. म्हणून खड्यांना भोक पाडायचं काम आपण करायचंच नाही, भोक असलेले मणीच घ्यायचे.

आता तार. सरावासाठी बांधकामाची काळी बांधणीची तार चालेल, फुकट मिळते. हात बसला की तांब्याची किंवा पितळेची घ्या. तुकडा बांधायला २० गेज (सुमारे ०.८ मिलिमीटर) आणि मणी अडकवायला २४ गेज (सुमारे अर्धा मिलिमीटर). अवजारं तीनच लागतात: गोल नाकाची पक्कड, चपट्या नाकाची पक्कड आणि तार कापायचा कटर.

पोस्टाचं पार्सल सुतळीने कसं बांधतात ते आठवा. तसंच करायचं आहे. अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा घ्या आणि दीड वीत तार कापा. तारेचा मध्य तुकड्याच्या पाठीवर आडवा ठेवा. दोन्ही टोकं पुढे आणा, मधोमध एकमेकांवर ओलांडून एकच पीळ द्या. आता एक टोक वर जाईल, दुसरं खाली. खाली जाणारं टोक तुकड्याच्या बुडाखालून पाठीमागे न्या, तिथल्या आडव्या तारेच्या खालून काढा आणि वर आणा. दोन्ही टोकं माथ्यावर भेटली की तुकडा चार बाजूंनी पकडला गेला. दोन पीळ घट्ट द्या. मग एक टोक गोल पकडीवर वळवून कडी करा आणि दुसरं त्या कडीच्या मानेभोवती तीन वेळा गुंडाळा. उरलेली तार कापा आणि टोक चपट्या पकडीने आत दाबा.

झालं? नाही. आता तुकडा हातात धरून हलवा. खुळखुळला तर तार सैल आहे. पुढच्या बाजूची तार पकडीने धरून किंचित वळवा, नागमोडी केली की ती ताणली जाते. पण एकाच जागी पुन्हा पुन्हा वळवू नका. तार वाकवली की ताठ होत जाते आणि शेवटी तिथेच तुटते. शेवटची परीक्षा ओढणीची. दागिना ओढणीवरून सगळ्या बाजूंनी फिरवा. एक जरी धागा अडकला तर तो माल डब्यात जायचा नाही.

पहिले दहा तुकडे वेडेवाकडे होतील. वेणी गुंफणाऱ्या, जाळं विणणाऱ्या ताईंचा हात मात्र फार लवकर बसतो, हे मी फील्डवर बघितलं आहे.

ओवणं

ओवणं तुम्हाला माहीत आहे, म्हणून थोडक्यात. तंगूस स्वस्त आहे, पण उन्हाने पिवळा पडतो, सैल होतो आणि खड्याच्या भोकाची कड त्याला कापते. हलक्या काचमण्यांना ठीक. खड्यांच्या माळेला प्लॅस्टिकचं आवरण असलेली बारीक स्टीलची तार घ्या. दुकानात ‘गियर वायर’ म्हणून मागा. तिची गाठ बसत नाही, टोकाला दाबायचा बारीक मणी लावावा लागतो. तो चपट्या पकडीने दाबला की वर ओढून बघा.

गळ्यातली माळ साधारण १८ इंच. नुसते ८ मिलिमीटरचे खडे ओवले तर सत्तावन्न लागतील, म्हणजे एक माळ पुरणार नाही आणि दुसरी फोडावी लागेल. त्यापेक्षा मंगळसूत्राची रीत वापरा. मधोमध समुद्री काचेचं पदक, त्याच्या दोन्ही बाजूंना पाच-सहा खडे आणि पुढे बारीक काचमणी. खर्च निम्म्याहून खाली येतो आणि मानेवर वजनही पडत नाही. ओवायला मधून सुरुवात करा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या राहतात.

आता त्या ऑर्डरबद्दल

एका दुकानदाराने आपल्या एका गटाला दोनशे जोड कानातली मागितली आहेत. एका जोडाला साठ रुपये. दोनशे गुणिले साठ, बारा हजार. आकडा ऐकून बैठकीत सगळ्यांचे चेहरे खुलले, आणि ते साहजिक आहे. पण वही उघडून मांडून बघू. तुमच्या गावात साहित्याचे दर वेगळे असतील, आकडे बदला, पण रीत हीच ठेवा.

समजा एका जोडाला तार आणि आकडे १४ रुपये, मणी ८ रुपये, कार्ड आणि पिशवी ६ रुपये. साहित्य झालं २८ रुपये. तुटफूट, वाया गेलेली तार आणि येण्याजाण्याचा खर्च ८ रुपये. गटाचा वाटा विक्रीच्या दहा टक्के, म्हणजे ६ रुपये. साठातून हे बेचाळीस गेले. हातात उरले १८ रुपये.

हे अठरा रुपये किती वेळाचे? काच वेचणं, धुणं, जोड लावणं याला एका जोडामागे १५ मिनिटं धरा. बांधणं, कडी करणं, ओढणीची परीक्षा याला ३५ मिनिटं. एकूण ५० मिनिटं. म्हणजे तासाला साधारण २२ रुपये. दोनशे जोडांना १६६ तासांहून जास्त काम आणि सगळ्या जणींना मिळून ३,६०० रुपये. ‘काच तर फुकटच आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा ती वेचणारीचा वेळ फुकट धरत असतो.

उलट बाजूने मांडू. तासाला निदान ६० रुपये हवेत असं गटाने ठरवलं, तर पन्नास मिनिटांचे ५० रुपये. त्यात साहित्य २८, तुटफूट ८, झाले ८६. गटाचा वाटा धरून ९५ ते ९६ रुपये. याच्या खाली दुकानदाराला द्यायचं नाही. तो पुढे दुकानात दीडशे-दोनशेला विकेल, तो त्याचा धंदा. तुम्ही स्वतः महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात विकणार असाल तर ९५ ला विकू नका. स्टॉलवर उभं राहणं, प्रवास, तिथलं जेवणखाण हे तेव्हा तुमच्या अंगावर असतं.

भावापेक्षाही मोठी अडचण दुसरी आहे. दुकानदाराने ‘सगळे जोड सारखे, हिरवे’ असं सांगितलं आहे. समुद्र एकसारखे चारशे हिरवे तुकडे देत नाही. एका जोडाला जुळणारे दोन तुकडे शोधताना डबा पालथा घालावा लागतो. मग काय होतं? कुणीतरी सुचवतं की बाटल्या फोडू आणि घासू. बैठकीत हे सुचवलं गेलंच. कुणीतरी काच खरवडणाऱ्या ॲसिडचंही नाव काढलं. ते ॲसिड घरात आणायचंच नाही. ते कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत इजा करतं, आणि सुरुवातीला कधी कधी दुखतही नाही. वाळू आणि पाणी भरलेल्या फिरत्या डब्यात काच घासता येते, ती रीत चालेल, पण त्या मालाला ‘समुद्री काच’ म्हणायचं नाही. ‘घासलेली काच’ म्हणायचं आणि भाव वेगळा लावायचा. पर्यटकांत ओळखणारे असतात. भिंगाखाली खऱ्या समुद्री काचेवर इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखे बारीक, वेडेवाकडे ओरखडे दिसतात; घासलेल्या काचेचा पृष्ठभाग सगळीकडे एकसारखा दिसतो. एकदा खोटं सापडलं की पूर्ण किनाऱ्यावरच्या गटांचं नाव जातं.

म्हणून माझं गटाला सुचवणं असं आहे. निर्णय अर्थातच तुमचा, सही तुमची. दुकानदाराला सांगा की दोनशे एकसारखे जमणार नाहीत. तीस जोड देऊ, प्रत्येक वेगळा, ९५ रुपयांनी, आणि कार्डावर काच कोणत्या वेळेवर सापडली ते लिहिलेलं असेल. निम्मे पैसे आगाऊ. तो नाही म्हणाला तर तीस जोड आपल्याकडेच राहतील आणि ते विकता येतील. दोनशे जोडांसाठी कर्ज काढून मणी आणले आणि मग तो नाही म्हणाला, तर हप्ता कुणी भरायचा?

पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीनंतर दोन तास तारकामाचा सराव ठेवला आहे. येताना प्रत्येकीने धुतलेले पाच तुकडे, हातभर बांधणीची तार आणि एक जुनी ओढणी आणावी. पकडी माझ्याकडे चार आहेत, कुणाच्या घरी इलेक्ट्रिकच्या कामाची पकड असेल तर तीही घेऊन या. गटाच्या सचिव ताईंनी वही आणावी, म्हणजे घड्याळ लावून एक जोड करू आणि खरोखर किती मिनिटं लागतात ते तिथेच लिहून घेऊ.